आधी तोला, मग वाढा: घरच्या घरी इटालियन पद्धतीचं चिकन

पुण्याजवळच्या एका गाड्यांच्या कारखान्यातून कामासाठी मी दोन वर्षं इटलीतल्या तोरिनो शहरात होतो. ज्या आजींच्या घरात भाड्याने राहायचो त्या मूळच्या रोमजवळच्या. त्यांच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक जुना तबकडीचा काटा कायम ठेवलेला असे. पाणी उकळायला लागलं की त्या पास्ता काट्यावर घालायच्या, माणशी ८० ग्रॅम, आणि सुई जागेवर आली की मगच पातेल्यात. चिकनचंही तसंच. पण एकदा तोलून झालं की जेवताना त्यांचा हात कधी आखडलेला पाहिला नाही.

मी परत आलो आणि वर्षभरात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी चिकन बंद केलं नाही, प्रमाण लिहून दिलं. आईला ते पटेना. जेवायला बसलेल्या माणसाला मोजून वाढायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. तेव्हा मला तो तोरिनोचा काटा आठवला. चिकन कच्चं असताना तोलायचं, ताटात नाही. पातेल्यात बेतानं गेलं की वाढणाऱ्याला मन मारावं लागत नाही. आमच्या घरी चार वर्षं असंच चाललंय, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळं ओळीने लिहितो.

## १. आधी डोक्यातून एक चित्र काढून टाका

आपल्याकडे हॉटेलात 'इटालियन चिकन' मागितलं की पांढऱ्या सॉसमधला पास्ता आणि त्यावर चिकनचे तुकडे येतात. इटलीतल्या घरात हे सहसा दिसत नाही. तिथे आधी पास्ता, भात किंवा सूप येतं, त्याला 'प्रीमो' म्हणतात. मग मांस किंवा मासा, तो 'सेकोंदो'. त्याच्या बरोबरीने भाजी, ती 'कोंतोर्नो'. रोजच्या दिवशी बरेच जण यातलं एकच मुख्य पान घेतात. चिकन हे सेकोंदो, त्यामुळे ते पास्त्यात मिसळत नाहीत. चिकन आल्फ्रेदो हा अमेरिकेतला प्रकार. रोममधल्या मूळ आल्फ्रेदोत फक्त फेत्तुचिने (पट्ट्यांसारखा पास्ता), लोणी आणि पार्मेसान चीज असतं. चिकन पार्मेसानही अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी तिथे रुजवलं. मागे मूळ आहे ते वांग्याच्या पार्मिजानाचं, म्हणजे टोमॅटो आणि चीजच्या थरांत भाजलेल्या वांग्याच्या कापांचं.

याचा प्रमाणाशी थेट संबंध आहे. परत आल्यावर मित्रांच्या आग्रहावरून मी दोघांसाठी क्रीमवालं चिकन पास्ता करायचो: अर्धं पाकीट पास्ता, एक डबी क्रीम, १०० ग्रॅम चीज, लोण्याचा मोठा तुकडा, ३०० ग्रॅम चिकन. नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा माणशी हजार कॅलरींच्या वर गेला. त्यात चिकनचा वाटा १७०-१८० इतकाच होता. बाकी सगळं भोवतालचं. चिकन वेगळं आणि पास्ता वेगळा ठेवला की आपण काय किती खातोय ते डोळ्यांना दिसतं.

## २. घरात काय लागेल

- स्वयंपाकाचा डिजिटल काटा, ग्रॅममध्ये दाखवणारा. या लेखातली ही एकच वस्तू अशी की ती नसेल तर आधी घ्या.
- जाड बुडाचं पसरट स्टीलचं पातेलं, घट्ट झाकणासह. बिडाची कढई चिकन तांबूस करायला उत्तम, पण टोमॅटो अर्धा तास त्यात शिजवला तर लोखंडाची चव उतरते.
- मोजायचे चमचे. 'मोठा चमचा' म्हणजे १५ मिली. घरातला भाजी वाढायचा चमचा याच्या दुप्पटही असू शकतो.
- कच्च्या चिकनसाठी वेगळी पाटी आणि सुरी.
- लाटणं, आणि जाडसर प्लास्टिकची पिशवी.
- ऑलिव्ह ऑइल, कांदे, लसूण, गाजर, टोमॅटो, लाल-पिवळी ढोबळी मिरची, लिंबं, मिरी. सेलरी मिळाली तर एक दांडा, नाही मिळाली तर त्यावाचून अडत नाही.
- वाळलेली रोझमेरी. ताजी असेल तर फारच छान.
- काळी किंवा हिरवी ऑलिव्ह, खाऱ्या पाण्यातली.

बेझिलची पानं या यादीत नाहीत, कारण खालच्या तिन्ही पदार्थांना ती लागत नाहीत. पण कुंडीत लावायची असतील तर एक सांगून ठेवतो. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा हे गोड बेझिलच्याच जातीचं बी आहे. तुळस मात्र वेगळी, तिचा तिखट कापरी वास या जेवणात बसत नाही.

## ३. चिकनच्या दुकानात काय सांगायचं

लेग आणि मांडीचे तुकडे घ्या, हाडासकट, कातडी काढून, नेहमीच्या करी कटपेक्षा मोठे. 'एका लेगचे दोनच करा' असं सरळ सांगितलं की दुकानदाराला कळतं. बारीक तुकडे केले तर हाडाचे कण सॉसमध्ये येतात आणि मांस लवकर कोरडं पडतं. लिंबाच्या चिकनसाठी मात्र ब्रेस्ट लागेल, बोनलेस, अख्खं. काप आपण घरी करू.

वजन करून मिळालेलं चिकन आणि खाण्यालायक मांस यांत फरक असतो. कातडी काढलेल्या करी कटमध्ये ढोबळमानाने एक तृतीयांश हाड धरा. ६०० ग्रॅम घेतलं तर मांस ४०० ग्रॅमच्या आसपास.

## ४. माणशी किती

इटलीतल्या मानवी पोषण संस्थेने, म्हणजे सिनूने, एका वेळच्या प्रमाणाचा तक्ता केलेला आहे. त्यातले आपल्या कामाचे आकडे असे: चिकन १०० ग्रॅम, कोरडा पास्ता ८० ग्रॅम, ब्रेड ५० ग्रॅम, भाजी २०० ग्रॅम, तेल १० मिली. हे सगळं कच्चं वजन, हाड आणि साल वगळून. आजींचे ८० ग्रॅम कुठून आले ते मला हा तक्ता वाचल्यावर कळलं.

१०० ग्रॅम ऐकून पहिल्यांदा कमी वाटतं. आता आपल्या बाजूने पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी रोजची प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. बिनकातडीच्या १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २० ते २३ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे दिवसाच्या गरजेचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग एका जेवणात भागला. उरलेलं वरण, दही, दूध, पोळी यांतून येतंच. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला किंवा व्यायाम करणाऱ्या मुलांना १२०-१५० ग्रॅम करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच विचारा, माझ्यावर जाऊ नका.

लोक हमखास चुकतात ती जागा इथे आहे. शिजल्यावर चिकनचं वजन घटतं, साधारण तीन चतुर्थांश उरतं. १०० ग्रॅम कच्च्याचं ७० ते ७५ ग्रॅम होतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये शिजवलेल्या चिकनचे आकडे निवडून तिथे कच्चं वजन भरलं, तर सगळा हिशोब पुढे सरकतो. मी दोन महिने असंच भरत होतो. आता कच्चं तोलायचं आणि कच्च्याचेच आकडे वापरायचे, एवढं पाळतो.

घरात चौघं असतील तर हाडासकट ६०० ग्रॅम. किलोभर चिकन चौघांत संपवायची आपली सवय असते. या हिशोबाने किलोभर सहा-सात जणांना पुरतं. उरलेलं ४०० ग्रॅम कच्चंच डब्यात भरून लगेच फ्रीजरमध्ये टाका. शिजवून 'उद्याला ठेवू' म्हटलं तर ते त्याच रात्री ताटात येतं, आमच्याकडे दर वेळी आलं.

काटा नसेल त्या दिवशी तळहात बघा. बोटं सोडून तळहाताएवढा आणि तेवढ्याच जाडीचा शिजलेला, बिनहाडाचा तुकडा पुरेसा.

## ५. पहिला पदार्थ: काच्चातोरा

'पोल्लो आला काच्चातोरा' म्हणजे शिकाऱ्यांच्या पद्धतीचं चिकन. प्रत्येक भागात ते वेगळं होतं. कुठे टोमॅटो घालत नाहीत, नुसती व्हिनेगर, लसूण आणि रोझमेरी. खाली दिलंय ते टोमॅटोचं, सुरुवातीला हेच करा.

चौघांसाठी: हाडासकट चिकन ६०० ग्रॅम, ऑलिव्ह ऑइल २ मोठे चमचे, एक मोठा कांदा, एक लहान गाजर, सेलरीचा दांडा, लसणाच्या ४ पाकळ्या, टोमॅटो ४०० ग्रॅम, ड्राय व्हाइट वाइन १०० मिली, रोझमेरी अर्धा लहान चमचा, ऑलिव्ह १२, मीठ, मिरी.

चिकन फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा आणि कोरड्या कागदाने नीट टिपून घ्या. ओलं चिकन तांबूस होत नाही, त्याला पाणी सुटतं आणि ते त्याच पाण्यात उकडतं. हळद, आलं, दही यांतलं काहीही लावू नका. फक्त मीठ.

पातेल्यात तेल तापवून तुकडे एकमेकांना न चिकटता ठेवा. एका वेळी मावत नसतील तर दोनदा करा. आता चार-पाच मिनिटं त्यांना हात लावायचा नाही. आपल्याला सतत परतायची सवय असते, ती इथे आडवी येते. तुकडा तयार झाला की बुडाला धरून राहत नाही, उलथन्याने सहज सुटतो. तेव्हा उलटा. दोन्ही बाजू खरपूस झाल्या की बाहेर काढा.

त्याच पातेल्यात आच मंद करून बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी. दहा मिनिटं. कांदा मऊ आणि काचेसारखा व्हायला हवा, लाल नाही. तेल सुटायची वाट बघू नका. दोन चमचे तेलात ते सुटणारच नाही, आणि सुटत नाही म्हणून आणखी तेल ओतलं की सगळा बेत फिसकटतो. माझ्या आईचा हात चार-पाच वेळा तेलाच्या बुधलीकडे गेला होता. मग लसूण ठेचून घाला, अर्धं मिनिट.

आता वाइन. ती पडली की चर्र असा आवाज होतो आणि तळाला चिकटलेला तपकिरी थर सुटू लागतो. लाकडी उलथन्याने तो सगळा खरवडून घ्या. या पदार्थाची अर्धी चव त्या थरात आहे. नाशिकची कुठलीही ड्राय व्हाइट चालते, गोड मात्र नको. दारूचा झोंबरा वास जाईपर्यंत आटवा. आटवली तरी थोडा अल्कोहोल राहतोच. त्यामुळे ज्यांना तो अजिबात नको त्यांनी एक मोठा चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी घालावं. आमच्या घरी बाबांसाठी असंच होतं.

टोमॅटोला वरून अधिक चिन्हासारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल सुटते. हाताने कुस्करून पातेल्यात घाला, रोझमेरी घाला, चिकन आणि त्याचं सुटलेलं पाणी परत घाला. झाकण ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं. शेवटची दहा मिनिटं झाकण काढून रस आटवा, त्यातच धुतलेली ऑलिव्ह. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण ऑलिव्ह आधीच खारट असतात.

शिजलं का ते बघायचं तर जाड भागात हाडाजवळ सुरी खुपसा. पाणी स्वच्छ यायला हवं. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस. ब्रॉयलरची कोंबडी कोवळी असते, त्यामुळे हाडालगत कधीकधी लालसर छटा राहते; तापमान झालं असेल तर त्याची काळजी नको.

तेलाकडे पुन्हा एकदा बघा. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारात एका माणसासाठी दिवसभराचं तेल धरलंय ते नेमकं तेवढंच. इथे ते चौघांत वाटलं गेलं, माणशी सातेक ग्रॅम. एका वाढपाच्या कॅलरी अडीचशेच्या आसपास राहतात.

## ६. दुसरा पदार्थ: लिंबाचं चिकन, वीस मिनिटांत

कामावरून उशिरा आलात तर हे करा. ब्रेस्टचा एक मोठा तुकडा सुरी आडवी धरून पातळ कापा, ५० ग्रॅमचे काप, माणशी दोन. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने हलक्या हाताने ठोका, जाडी अर्धा सेंटीमीटर. मीठ लावा, मैद्यात घोळवा आणि झटका. राहिलेला मैदा फेकून द्या.

तव्यावर चौघांसाठी दीड मोठा चमचा तेल. एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दीड. बाहेर काढा. तव्यात अर्धी वाटी पाणी आणि लिंबाचा रस घालून खरवडा, एक लहान चमचा लोणी घाला, रस जरा दाटला की काप परत घालून गॅस बंद. सोरेंतो किंवा अमाल्फीकडची लिंबं मोठी, जाड सालीची आणि आपल्या कागदी लिंबापेक्षा सौम्य असतात. इटालियन कृतीत 'दोन लिंबं' लिहिलं असेल तर आपलं एक पुरे. यात क्रीम घालायचा मोह टाळा. आंबट रसात ते फाटू शकतं, आणि त्याची गरजही नाही.

## ७. तिसरा: रोमचं ढोबळी मिरचीतलं चिकन

रोममध्ये १५ ऑगस्टला, फेर्रागोस्तोच्या सुट्टीला, हे करतात. कृती काच्चातोरासारखीच, फक्त गाजर-सेलरी-ऑलिव्ह नाहीत, टोमॅटो निम्मे आणि लाल-पिवळ्या ढोबळी मिरच्यांच्या उभ्या फोडी ६०० ग्रॅम. मिरच्या वेगळ्या परतून शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला. हिरवी ढोबळी घेऊ नका, कडवट होतं. आपल्याकडे १५ ऑगस्टला बहुतेक वर्षी श्रावण चालू असतो, म्हणून आमच्याकडे हा पदार्थ आषाढातल्या शेवटच्या रविवारी होतो. चिकनपेक्षा भाजी जास्त असल्याने पातेलं भरलेलं दिसतं. बाबांना हेच सगळ्यात आवडतं, कारण त्यांच्या ताटात जागा रिकामी राहत नाही.

## ८. ताट कसं लावायचं

अर्ध्या ताटात भाजी. काच्चातोराबरोबर उकडलेली फरसबी किंवा परतलेला पालक, वरून लिंबू. पाव ताटात चिकन. उरलेल्या पाव भागात पोळी, ब्रेड किंवा पोलेंता, यांतलं एकच. पोलेंता उत्तर इटलीतलं, मक्याच्या रव्याचं. आपल्या मक्याच्या कण्या शिजवून माहीत असतील तर हे अवघड नाही: एक वाटी रव्याला चार-साडेचार वाट्या पाणी, मीठ, आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत राहणं.

आग्रह करायचाच असेल तर भाजीचा आणि रसाचा करा. आई आता तेच करते. ताटातला शेवटचा रस ब्रेडने पुसून खाण्याला इटलीत 'स्कार्पेत्ता' म्हणतात. त्यासाठी ब्रेडचा एक तुकडा राखून ठेवा, नवीन घेऊ नका.

## ९. फसायच्या जागा

'लाइट' ऑलिव्ह ऑइल. हे चवीला आणि रंगाला हलकं असतं. कॅलरी कुठल्याही तेलाइतक्याच, ग्रॅमला ९.

पोमेस. बाटलीवर मोठ्या अक्षरात ऑलिव्ह आणि खाली लहान अक्षरात पोमेस असेल, तर ते तेल काढून उरलेल्या चोथ्यापासून केलेलं रिफाइंड तेल. परतायला चालतं, पण चवीसाठी पैसे मोजले असतील तर ते वाया गेले. त्यापेक्षा परतायला घरचं शेंगदाणा तेल वापरा आणि चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन थोडंसं वरून घाला.

स्टॉकच्या वड्या. मीठच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट लहान चमचाभर. वडी, ऑलिव्ह, चीज तिन्ही एकाच जेवणात आलं तर मीठ न घालताही तुम्ही त्या मर्यादेजवळ जाता. हाडासकट चिकन शिजवताय, स्टॉक पातेल्यात आपोआप तयार होतोय.

ओरेगॅनोच्या पुड्या. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांत बऱ्याचदा मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात. त्या घातल्या की सगळ्याला पिझ्झाचीच चव येते.

धुणं. कच्चं चिकन जोरात नळाखाली धरलं तर शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू त्यांच्याबरोबर पसरतात. रक्त किंवा पिसं असतील तर पसरट भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने साफ करा, पाणी जपून ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा. जंतू शिजवल्यावर मरतात, धुतल्याने नाही.

## १०. उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायचं, खाताना वाफ येईपर्यंत गरम करायचं. काच्चातोरा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. आजी मात्र चिकनपेक्षा त्याच्या रसावर डोळा ठेवून असायच्या. वाढायच्या आधीच दोन डाव रस काढून एका काचेच्या बरणीत भरायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गरम करून त्यात पास्ता घोळवायचा, माणशी ८० ग्रॅम, वर चिमूटभर चीज. त्या दिवशी चिकन नाही, बाजूला मोठा वाडगाभर सॅलड. आमच्या फ्रीजमध्ये सोमवारी ती बरणी असते, आणि बाबा डबा भरताना आधी तीच शोधतात.